पाहुणीची कुदळ

हिर्डोशी,
२८ जून २०२४

रत्नाकाकी,

नानांचा फोन बंद लागतो. तुमचा वाजून वाजून थांबतो. आठवडाभर इथे वीज नाही, त्यामुळे आता आमचाही बंद. म्हणून पत्र लिहिते आहे. उद्या भोरला वाचनालयात जायचं आहे, एसटी आली तर तिथूनच टाकीन.

शिमग्यानंतर तुम्ही घर पाहिलेलं नाही, म्हणून सगळं सांगते. नानांनी आपल्या वाटणीचं अर्धं घर उतरवलं. कौलं गेली, वासे गेले, आढं मधोमध कापलं. नव्या घरासाठी आतली जमीन गुडघाभर उकरली आणि गवंडी ठरवून येतो म्हणून जे पुण्याला गेले ते गेलेच. आप्पांचं आणि त्यांचं त्या दिवशी काय बोलणं झालं ते तुम्हालाही ठाऊक आहे. आप्पा म्हणत होते पावसाळा जाऊ दे, मग पाड. नाना म्हणाले, तुझ्या दारात परत पाय ठेवणार नाही. ते मी इथे उकरून काढत नाही. मला फक्त भिंतीचं बोलायचं आहे.

दोन्ही घरांमधली भिंत आजवर आतली भिंत होती. तिला पाऊस कधी माहीतच नव्हता. तिच्याखाली दगडी जोतं नाही, हातभर दगड आणि वर सगळी माती. आजोबांनी ती बांधली तेव्हा एक दिवस ती उघड्यावर येईल असं त्यांच्या मनातही आलं नसेल. आता ती बाहेरची भिंत झाली आहे, आणि तीही पश्चिमेची.

तुमच्या अर्ध्या घराचं जोतं मात्र तीन अंगांनी शाबूत आहे. चौथ्या अंगाला आमची ही भिंत. मधे उकरलेल्या जागेत पाणी साठतं आणि ते आमच्या पायात मुरतं. वरच्या घरातली कोंडाबाई आजी काल आईला म्हणाली, "मंगल, तळं झालंय की गं दारात. बदकं पाळ आता." आई हसली, पण संध्याकाळपर्यंत पाणी उपसत होती.

मागणं एवढंच की ओढ्याकडच्या कोपऱ्यातला तुमच्या जोत्याचा एक दगड काढू द्या. पाणी आपोआप उताराला जाईल. नानांना विचारून कळवा.

एक चांगली बातमीही आहे. ग्रामपंचायतीत आमच्या घराच्या उताऱ्यावर आप्पांबरोबर आईचं आणि माझं नाव लागलं. तिथे एक जण म्हणाला, पोरीचं कशाला, ती काय उद्या जायची. मी उभी राहून बोलले. आईनं वाडीभर पेढे वाटले.

तुमची,
शिवानी


कात्रज, पुणे
६ जुलै

चि. शिवानी,

पत्र मिळालं. बरं वाटलं. फोनचं म्हणशील तर माझा आवाज बसलाय, बोलवत न्हाई. तुझे नाना कामात असतात.

त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. जोत्याला हात लावू नका. कुदळ तर मुळीच लावायची न्हाई. बाकी काय करायचं ते करा. आमच्या वेल्ह्याकडं पावसाच्या अंगाच्या भिंतीला कारवीचा कुड बांधतात. कारवी दाट लावायची, मागं पेंढा भरायचा, आणि खालचं टोक भिंतीपासून हातभर लांब ठेवायचं, म्हणजे निथळतं पाणी पायात पडत न्हाई. भाऊजींना सांग, त्यांना येतं ते.

तुझं नाव घराला लागलं हे लई चांगलं झालं. आता जावई यायचा तो विचारील, घर बघून पोरगी करू का पोरगी बघून घर. पेढा मात्र आमच्यापर्यंत पोचला न्हाई.

ताईंना नमस्कार. पाण्यात फार राहू नको म्हणावं.

काकी


हिर्डोशी,
१६ जुलै

काकी,

तुम्ही सांगितला तसा कुड बांधला. लावणी चालू आहे, त्यामुळे दिवसभर खाचरात आणि उजेड असेतो भिंतीपाशी. आप्पांनी कारवी रोवली, मी आणि आईनं पेंढा भरला. वरून येणारा पाऊस अडला. पण खालचं पाणी कुडाला काय भीक घालतं? ताडपत्री घातली होती ती वाऱ्यानं फाटली. मोटारीची पाइप लावून पाहिली, तिचं तोंड गाळानं बुजतं. आता घमेल्यानं उपसतो. सकाळी उपसावं तर दुपारी तेवढंच. आईच्या बोटांच्या बेचक्या कुजल्या आहेत. रात्री तेल लावते आणि सकाळी परत पाण्यात उतरते.

ओल कमरेपर्यंत चढली आहे. बोट दाबलं तर भिंतीत जातं. आप्पांनी आतून तीन टेकू दिले आहेत. त्याच भिंतीलगत गाय बांधलेली असते आणि गाईजवळ आप्पा झोपतात. दुसरी जागा नाही असं नाही. पण ते म्हणतात, भिंत हलली तर गाईच्या आधी मला कळेल. मला या बोलण्याचीच भीती वाटते.

तुम्ही कुदळ का नको म्हणता ते मी आईला विचारलं. आई म्हणाली, "ज्याचं जोतं, तो जिवंत असताना फोडायचं नसतं. आयुष्याला लागतं." काकी, मी भूगोल घेऊन पदवीपर्यंत शिकले. पाणी उताराला जातं आणि माती भिजली की बसते, एवढंच मला खरं वाटतं. एका दगडानं कुणाचं आयुष्य कमी होत नाही. उलट तो दगड तिथे राहिला तर एखाद्याचं कमी होईल, आणि ते कुणाचं हे मी वर लिहिलंच आहे.

अजून एक विचारते, राग मानू नका. नाना स्वतः का लिहीत नाहीत? त्यांचं अक्षर किती सुंदर. माझ्या पहिलीच्या पाटीवर 'श' त्यांनीच काढून दिला होता. दोन ओळी लिहायला त्यांना वेळ नाही, की आमच्यासाठी नाही?

शिवानी


कात्रज
२२ जुलै

शिवानी,

तुझं पत्र परत वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. न्हाई म्हणाले.

एवढा पावसाळा काढा. गाय दुसरीकडं बांधा आणि भाऊजींना आत झोपायला सांग. माझं नाव सांग. ऐकतील.

लिहायला हात रिकामा नसतो गं.

काकी


हिर्डोशी,
३१ जुलै

रत्नाकाकी,

काल भिंतीचा खालचा कोपरा ढासळला. पाटीभर नाही, चांगली बैलगाडीभर माती. आतून आता तुमचं तळं दिसतं. गाय आम्ही आधीच हलवली होती. आप्पा हलले नव्हते. माती त्यांच्या अंथरुणाच्या पायथ्याशी येऊन थांबली. ते उठून बसले आणि म्हणाले, "बघ, कळलं का न्हाई मला?" आईनं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा शिवी दिली.

भोकाला फळ्या आणि दगड लावले आहेत. ते किती दिवस टिकेल माहीत नाही.

काकी, मी पुष्कळ सबुरीनं लिहिलं. आता जे वाटतं ते लिहिते. तुम्हाला इथे राहायचं नाही, बांधायचंही नाही, नुसता हक्क ठेवायचा आहे. त्यासाठी भावाचं घर विरघळलं तरी चालेल. नाना पुण्यात कोरड्यात बसून मान हलवतात आणि आम्ही इथे त्या मानेचं पाणी उपसतो. दारात पाय ठेवणार नाही म्हणाले होते. ठेवू नका. पण दार तरी राहू द्या.

आप्पा आजवर दगडाला हात लावायचं नाव काढत नव्हते. काल मी म्हटलं, तुम्ही नाही तर मी फोडते. तेव्हा ते म्हणाले, "तू कशाला? मोठा भाऊ मी हाय." नागपंचमीला खणायचं नसतं, आई ऐकणार नाही. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आप्पा तो दगड काढणार आहेत. हे विचारणं नाही, कळवणं आहे.

शिवानी


कात्रज
४ ऑगस्ट

शिवानी,

हे पत्र तुला नागपंचमीच्या आत मिळू दे एवढंच मागते.

नाना अंथरुणावर आहेत. वैशाखात गवंड्याला भेटून येताना बसथांब्यावर पडले. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दवाखान्यातून आणलं तेव्हापासून हे असंच चाललंय. मी घास भरवते, कूस बदलते. म्हणून हात रिकामा नसतो असं लिहिलं. ते खोटं न्हवतं.

तुमाला कळवलं न्हाई, कारण मला लोकांचं तोंड दिसत होतं. आढं कापलं आणि पंधरवड्यात आडवा झाला, असं अख्खी वाडी म्हणणार. भाऊजी तसं म्हणणार न्हाईत, पण त्यांच्या मनात आलं तर? ह्यांना दया नको होती कुणाची. मला तरी तसं वाटलं. त्यांना विचारता कुठं येतंय? मान हलवली असं मी लिहिलं. ते दिवसभर मान हलवतात गं. त्यातलं हो कुठलं आणि न्हाई कुठलं, मला अजून कळत न्हाई.

तुझी पत्रं मी वाचून दाखवते. शेवटचं अर्धंच वाचलं.

तू शिकलीस, तुला हे खुळं वाटेल. पण माणूस असा मधल्यामधी लोंबकळत असताना त्याचं जोतं फोडा म्हणून मी कुठल्या तोंडानं लिहू? उद्या काही झालं तर मी जन्मभर तो दगड बघत बसेन.

भाऊजींना थांबव.

काकी


हिर्डोशी,
११ ऑगस्ट

काकी,

तुमचं पत्र नागपंचमीच्या सकाळीच आलं. पोस्टमन भिजून चिंब होता. आईनं त्याला चहा दिला आणि मी उभ्या उभ्या पत्र वाचलं. मग मोठ्यानं वाचलं.

आप्पांनी कुदळ आदल्या दिवशीच नवा दांडा घालून तयार ठेवली होती. ते उठले, कुदळ घेतली आणि गोठ्याच्या माळ्यावर फेकून दिली. मग घमेलं घेऊन पाण्यात उतरले. आईनं हाक मारली, जेवायला चला. म्हणाले, "तो तिकडं घास गिळंना, आन म्या हितं पुरणाची दिंडं खाऊ?"

मी काय लिहिलं ते मला पाठ आहे. त्यातलं मानेचं वाक्य तर सारखं आठवतं. अर्धं पत्र वाचलंत ते बरं केलंत. उरलेलं फाडून टाका.

पण काकी, आता अवघड झालं आहे. आधी आप्पा रागानं तरी दगड काढणार होते. आता ते कुणालाच हात लावू देत नाहीत. मी विषय काढला तर म्हणतात, "माझ्या भावाच्या जोत्यावर मी कुदळ मारू? तो असा पडला असताना?" एकटेच उपसत बसतात. भिंत वरून सरळ दिसते, पण सूत सोडून पाहिलं तर पुढे झुकली आहे. ती पडली तर तिच्याबरोबर आमचं अर्धं छप्पर येईल. मला आता राग कुणाचाच येत नाही. नुसती दमले आहे.

नाना कसे आहेत ते लिहा. नुसतं बरे आहेत असं लिहू नका.

शिवानी


कात्रज
१६ ऑगस्ट

शिवानी,

नाना आहेत तसेच आहेत. काल डाव्या हातानं पेला धरला, पण सांडला. तुझा 'श' त्यांना आठवतो का विचारलं तर डोळ्यातून पाणी आलं. तसं ते टीव्ही बघतानाही येतं.

रात्रंदिवस एकच विचार करत होते. मग माझ्या आईचं एक बोलणं आठवलं. आमच्या वेल्ह्याच्या घरी एकदा असाच पेच पडला होता, तेव्हा ती म्हणाली होती. जोत्यावर घरच्यानं कुदळ मारली तर घर उठतं. पाहुण्यानं मारली तर नुसता दगड निघतो. आणि घरातलं पाहुणं म्हणजे लेक. ती जन्मल्यापासून दुसऱ्या घरची. तेव्हा माझ्या आत्यानं मारली होती. मारायच्या आधी तोंडानं म्हणायचं, मी पाहुणी, घर तुमचं. कुणाला काही लागत न्हाई मग.

हे तुला लिहिताना माझा हात थांबला. उताऱ्यावर तुझं नाव आहे हे मी विसरले न्हाई. ते लावताना तू काय बोलली असशील तेही मला दिसतं. पण शिवानी, जोत्याला कागद वाचता येत न्हाई. आणि भाऊजींचं, माझं मन त्या जोत्याच्याच शाळेतलं.

म्हणच असं मी म्हणत न्हाई. म्हटलंस तर माझी ना न्हाई.

काकी


हिर्डोशी,
२७ ऑगस्ट

काकी,

हे पत्र पोस्टानं येत नाही. कुणाच्या हातून येतं आहे ते दार उघडल्यावर तुम्हाला कळलं असेलच. त्यांना आधी चहा द्या. सकाळचा नको म्हणाले आणि तसेच एसटीला निघाले आहेत.

तुमचं पत्र मिळालं आणि मी ते कुणाला न दाखवता पिशवीत ठेवून दिलं. मला वाटलं, घर पडलेलं परवडलं. ज्या वाक्याविरुद्ध मी सगळ्या पंचायतीसमोर उभी राहिले, तेच वाक्य मी माझ्या तोंडानं म्हणायचं? आणि कुणाला, दगडाला?

मग एका सकाळी आप्पा पाणी उपसता उपसता तिथेच पाण्यात बसले. पडले नाहीत, बसले. घमेलं मांडीवर घेऊन. मी म्हटलं, उठा आप्पा. म्हणाले, "उठतो. थांब वाईच." बराच वेळ उठले नाहीत.

मी पत्र आणलं आणि दोघांना वाचून दाखवलं.

आप्पांचा चेहरा एकदम सुटला. म्हणाले, "आगं मग म्हण की. बोलायला काय लागतंय?"

पण आई अडली. मला वाटलं होतं, सगळ्यात आधी तीच कुदळ आणून हातात देईल. ती म्हणाली, "न्हाई. तिला असलं म्हणायला लावू नका. पेढे वाटलेत म्या."

"भिंत पडंल मंगल."

"पडू द्या."

काकी, आईनं ते म्हटलं आणि माझ्यातलं काहीतरी सैल झालं. घरात एक माणूस जरी मला पाहुणी मानत नसेल तर पाहुणी म्हणायला हरकत नाही, असं वाटलं. मीच माळ्यावर चढले आणि कुदळ काढली.

पाणी मांडीपर्यंत होतं. कोपऱ्यातला दगड पायानं चाचपून शोधला. आप्पा वर उभे, हात मागे बांधून, चुकूनसुद्धा मदत होऊ नये म्हणून. मी ते म्हटलं. पुटपुटल्यासारखं. कोंडाबाई आजी तिच्या ओट्यावरून सगळं बघत होती. ओरडली, "मोठ्यानं म्हण गं बया, जोतं बहिरं हाय!"

मग मोठ्यानं म्हटलं. मी पाहुणी, घर तुमचं.

मारली. दोनदा दगड ठणकला, मग सांधा फुटला. पहारीनं उचकटला तेव्हा आधी चूळ भरल्यासारखं थोडं पाणी आलं आणि मग सगळंच निघालं. लाल, जाड, मुळ्या आणि बेडकं घेऊन ओढ्याला गेलं. संध्याकाळपर्यंत तळ दिसला. नानांनी उकरलेले खड्डे, दोरीच्या खुंट्या, एक फुटका चहाचा कप.

भिंत उभी आहे. वाकडी आहे, टेकू आहेत, पण पाय कोरडा होतो आहे. ढासळलेल्या कोपऱ्यात आप्पांनी दगड रचून वर चिखल थापला. पाऊस थांबलेला नाही, फक्त पाणी आता थांबत नाही.

त्या रात्री आप्पा जेवताना गमतीनं म्हणाले, "पाहुण्यांना वाढा अजून." कुणी हसलं नाही. आईनं भाकरी माझ्या ताटात टाकली आणि म्हणाली, "पाहुणी असती तर भांडी मी घासली असती. ऊठ, जेवलीस की घास." मग मात्र मी हसले.

आता एक सांगायचं आहे. काढलेला दगड मी धुऊन पडवीत ठेवला आहे. पावसाळा सरला की तो परत बसवायला लागेल, नाहीतर तुमचं जोतं तिथून सुटत जाईल. कोंडाबाई आजी म्हणते, काढायला पाहुणी चालते, बसवायला घरचंच माणूस लागतं. ती हे खरं सांगते की माझ्याकडे बघून रचते, मला कळलं नाही. पण मी ते धरून बसले आहे. तो दगड मी बसवणार. तेव्हा तोंडानं काही म्हणणार नाही. नानांना सांगा. हे पूर्ण वाचून दाखवा, अर्धं नको.

शिवानी


कात्रज
३० ऑगस्ट

शिवानी,

भाऊजी निघालेत, त्यांच्याकडंच देते आहे. घाईत लिहिते.

आले तेव्हा दारात उभेच राहिले. आत या म्हटलं तर म्हणाले, पाय ठेवू का, विचार त्याला. ह्यांनी मान हलवली. भाऊजी म्हणाले, "हो म्हणतोय का न्हाई?" मी म्हटलं, मला विचारू नका. मग ते आत आले. तीन दिवस दोघं टीव्हीसमोर बसले. दाढी भाऊजींनी करून दिली, एका ठिकाणी कापलं. मी दुपारी झोपले. वैशाखापासून पहिल्यांदा.

तुझं पत्र पूर्ण वाचून दाखवलं. दगडाचंही विचारलं. मान हलवली. या वेळेला ते हो होतं का न्हाई, ते मी ठरवलं. दगड तू बसव. घरचं माणूस म्हणून बसव. आमच्या जोत्याला दुसरं आहे कोण?

पण आधी पाऊस उघडू दे. इथंही कपडे वाळेनात.

काकी